बिनसायलेन्सरची सायकल

खोली भाड्यानं देताना घरमालक काय काय विचारतात ते मला चांगलं ठाऊक होतं. जात कोणती, लग्न झालंय का, मटण खाता का, पाहुणे फार येतात का. चामोर्शीतल्या माझ्या घरमालकानं यातलं काहीच विचारलं नाही. त्यानं माझ्या छातीवर तळहात ठेवला, डोळे मिटले, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "चालू हाये. राहा." मी ट्रंक उचलून आत निघालो तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"एकच गोष्ट, मास्तर. घरात शिटी नाई माराची."

मी हसलो. मला वाटलं, शुभ-अशुभाची काहीतरी भानगड असेल. वर्ध्याहून मास्तरकीची ऑर्डर घेऊन मी त्या मुलखात नुकताच आलो होतो. अंगात कला म्हणाल तर शीळ घालणं ही एकच. ती सोडून राहायचं म्हणजे जिवावर आलं, पण खोली स्वस्त होती, भिंती गार होत्या आणि शाळा हाकेच्या अंतरावर होती. मी कबूल केलं.

त्या घरमालकाला सगळं गाव मिस्त्री म्हणे, मीही म्हणत असे. धानाच्या गिरणीत ते इंजिन चालवायचे. उंच, वाळके, कायम तेलकट पायजमा, वरचे पुढचे दोन दात नाहीत. इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि तोंडावर बसलं, तेव्हा गेलेले. खिशात स्क्रू पिळायचा लांब दांड्याचा पेचकस. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं, ही सगळ्याच मिस्त्री लोकांची रीत. पण आमचे मिस्त्री तो पेचकस कशालाही लावत. विहिरीच्या काठाला, शिंप्याच्या मशीनला, अंगणातल्या चिंचेच्या झाडाला. चिंचेला पेचकस लावून ते बराच वेळ ऐकत बसायचे. काय ऐकू आलं म्हणून विचारलं तर "चालू हाये" एवढंच सांगायचे. चिंच चालू आहे म्हणजे काय, ते मला त्या घरात होतो तोवर कळलं नाही.

घरात दुसरं माणूस म्हणजे भाभी. मिस्त्रींच्या थोरल्या भावाची बायको. मिस्त्रींनी लग्न केलं नव्हतं. भाभी फार बोलत नसे, पण तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या बोलत. भाकरी थापताना, पाणी ओतताना, दळताना त्यांचा आवाज सारखा यायचा. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. त्या घराचं पुढचं दार कधी लागत नसे. थंडीत नाही, पावसात नाही, कुत्रं आत शिरलं तरी नाही. मी एकदा लावायला गेलो तर ते हललंच नाही. बिजागऱ्या गंजून घट्ट बसल्या होत्या.

आमच्या शाळेच्या शिपायाला सगळ्या गावाच्या चुलीवर काय शिजतंय ते माहीत असे. त्यानं मला सगळं सांगितलं. मिस्त्रींचा थोरला भाऊ बैलगाडी हाकायचा. घोट गावाच्या बाजूच्या बाजारांना मीठ, कापड, भांडी न्यायची आणि येताना मोहफुलं आणायची. एक दिवस गाडी घरी आली, बैल घरी आले, गाडीवान आला नाही. लोक हाका मारत जंगलात गेले. नाल्याच्या पुढच्या चढावर त्याची एक चप्पल सापडली, थोडं रक्त आणि वाघाची पावलं. बाकी काही नाही.

त्या भागात वाघानं जिथून माणूस नेला, तिथं लोक एक दगड ठेवतात. मग त्या वाटेनं जाणारा-येणारा प्रत्येक जण आणखी एक ठेवतो. गोंड असो, कुणबी असो, मुसलमान असो, फॉरेस्टचा साहेब असो. ठेवल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. जो ठेवत नाही त्याच्या मागोमाग तो मेलेला माणूस घरापर्यंत येतो, असं मानतात. त्या चढावर ढीग माझ्या कमरेएवढा झाला होता. त्यात मिस्त्रींचा एकही दगड नव्हता.

"काऊन ठेवन?" मिस्त्री एकदा मला म्हणाले होते. "मयत पाह्यली का कोनी? माती देल्ली का? चप्पल तं माही बी हरवते."

त्यांनी दगड ठेवला असता, तर भाऊ मेला असं घरानंच म्हटल्यासारखं झालं असतं. मग भाभीला बांगड्या उतरवाव्या लागल्या असत्या, इद्दतीला, म्हणजे मुसलमान विधवेच्या एकांताला, बसावं लागलं असतं. मिस्त्री दगड ठेवीत नव्हते, म्हणून त्या बांगड्या हातात होत्या आणि ते दार उघडं होतं. त्या घराचं सगळं त्या एका दगडावर अडलं होतं.

आणि दगड न ठेवण्याचं दुसरं कारण म्हणजे शीळ.

थोरल्या भावाची बैलांना थांबवायची एक खास शीळ होती. लांबट, वर चढत जाणारी, आणि शेवटी मुरकी घेऊन एकदम खाली येणारी. ती ऐकली की बैल जागच्या जागी उभे राहत. तो नाहीसा झाल्यावरही ती शीळ त्या चढावर ऐकू येत राहिली. कोणी म्हणे भूत आहे. शहाणी माणसं म्हणत, भीमराज आहे. शेपटीला दोन लांब तारा असलेलं ते काळं पाखरू कोणाचीही नक्कल करतं. मांजराची, ससाण्याची, माणसाची. गाडीवान त्या नाल्यावर बैलांना पाणी पाजायला थांबत, पाखरानं तिथंच शीळ उचलली असणार. मिस्त्रींना पाखराची गोष्ट मान्य होती. ते फक्त एवढंच विचारायचे की, पाखरू इतकी वर्षं विसरत कसं नाही? रोज शिकवणारं कोणीतरी असेल तेव्हाच ना.

ती शीळ मी स्वतः ऐकली आहे. पहिल्याच वर्षी शाळेच्या कामासाठी मी गाडीतून घोटला चाललो होतो. चढावर गाडीवान उतरला, एक दगड त्यानं ठेवला, एक माझ्या हातात दिला. मी तो ठेवत होतो तेवढ्यात बांबूच्या बेटामागून शीळ आली आणि आमचे बैल, जे आधीच उभे होते, ते कान ताठ करून आणखी उभे राहिले. भर दुपारची वेळ. पानगळ झालेली, सागाच्या वाळक्या पानांनी सगळी जमीन भरलेली, पाऊल टाकलं तर कुर्रकुर्र आवाज व्हावा अशी. पाऊल काही वाजलं नाही. गाडीवानानं माझ्याकडे न बघता बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

ती शीळ डोक्यात राहिली. पुढे एका सकाळी न्हाणीघरात अंगावर पाणी घेताना ती माझ्या तोंडून निघून गेली. अर्धीच. शेवटची मुरकी मला येत नव्हती. तेवढ्यात आत काहीतरी धाडकन पडलं. मी पंचा गुंडाळून बाहेर आलो तर पिठाची परात पालथी पडलेली आणि भाभी पुढच्या दारात उभी. दोन्ही हात पिठानं भरलेले, डोक्यावरचा पदर सरकलेला, नजर गल्लीच्या तोंडाशी. मग ती आत गेली आणि जमिनीवरचं पीठ भरू लागली. त्या घराची अट काय होती ते मला त्या दिवशी समजलं.

आता सायकलीकडे येतो.

मिस्त्रींना दर आठवड्याला घोटपलीकडे जावं लागे. तिथल्या लाकडाच्या ठेकेदाराच्या आरागिरणीचं इंजिन त्यांच्याशिवाय कोणाला ऐकत नसे. जायचं म्हणजे गाडीतून, आणि गाडी म्हटली की ती चढावर थांबणारच. गाडीवान दगड ठेवायचा आणि मग मिस्त्रींच्या तोंडाकडे बघायचा. त्यात ती शीळ.

मार्कंड्याच्या जत्रेत एक तंबूतला सिनेमा आला होता. त्यांचं दिव्यासाठी वीज करणारं छोटं पेट्रोल इंजिन जत्रेतच जळलं. मिस्त्रींनी मनगटावरचं घड्याळ देऊन ते उचलून आणलं. गावाला वाटलं, माणूस आता घरात सिनेमा दाखवणार. मिस्त्रींनी इंजिन अंगणात खोललं, चिंचेखाली गोणपाटावर एकेक भाग मांडला आणि उन्हाळाभर त्याच्याशी हुज्जत घातली. पिस्टनच्या कड्या त्यांनी कानशीनं घासून बसवल्या. गिरणीच्या फाटक्या पट्ट्याचा निरुंद पट्टा कापला. सागाचं गोल चाक तासून मागच्या चाकाच्या तारांना बोल्टांनी आवळलं, म्हणजे पट्टा त्यावरून फिरावा. पेट्रोलसाठी तुपाचा डबा. जंगलातल्या गोट्यांना पुरावेत म्हणून टायरवर टायर चढवलेले. आपली काळी, जड सायकल, मधल्या त्रिकोणात इंजिन टांगलेलं. इंजिन चालू ठेवून सायकल थांबवायची सोय त्यात नव्हती. सायकल थांबली की इंजिन बंद, आणि पुन्हा सुरू करायचं तर पायडल मारत मारत बरंच पळवावं लागे.

पहिल्यांदा ती सुरू झाली ती बाजाराच्या दिवशी. फाट फाट फाट असा आवाज झाला, कोंबड्या टोपल्यांतून उडाल्या, एका कुंभाराची मडकी गेली आणि मिस्त्री दात नसलेलं तोंड उघडं टाकून बाजारातून आरपार निघून गेले. थांबता येत नसल्यामुळे गावाला वळसा घालून परत त्याच बाजारात आले. लोकांनी पोट धरधरून हसून घेतलं. हेडमास्तर कानावर हात ठेवून म्हणाले, "अरे बापा, याले सायलेन्सर तरी लाव."

मिस्त्रींनी सायलेन्सर लावला नाही. गिरणीत एक पडलेला होता, तरी लावला नाही. मी एकदा फारच पाठीस लागलो, कारण अंगणात ते सुरू झालं की माझ्या भिंतीवरचा नकाशा खाली यायचा. तेव्हा ते पट्ट्याला एरंडेल चोळता चोळता म्हणाले, "मास्तर, त्या चढावर मले काई आयकाचं नाई हाये. म्हनून तं बनवली."

थांबायचं नाही आणि ऐकायचं नाही, या दोन गोष्टींसाठी त्या माणसानं यंत्र बांधलं होतं. जगात गाड्या पोचण्यासाठी बांधतात. मला त्यांची कीव आली आणि थोडी भीतीही वाटली.

भीतीचं कारण कॅरिअर होतं. मिस्त्रींनी मागच्या कॅरिअरवर गोणपाटाची मऊ गादी शिवून बसवली होती. त्यावर ते कोणालाही बसू देत नसत. सामान बांधायचं तर हँडलला. आठवड्यातून एकदा घोटहून परत आले की सायकल दाराशी उभी करत, आणि भाभी आधी कॅरिअरकडे बघे, मग मिस्त्रींकडे. पाण्याचे दोन गडवे आणून ठेवी. मिस्त्री एक पीत. दुसरा उंबऱ्याजवळ तसाच राही. आणि रिकाम्या सायकलीचं मागचं चाक खालून चपटं दिसे, कोणी बसल्यावर दिसतं तसं. मिस्त्री अंगठ्यानं टायर दाबून बघत. हवा भरपूर असे. मी म्हणायचो, जुनं रबर, दिवसभराचं ऊन, दुसरं काय. संध्याकाळपर्यंत चाक आपोआप गोल व्हायचं. मी मास्तर माणूस, माझ्याकडे सगळ्याचं कारण तयार असे.

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षेच्या कामाला मला घोटला तातडीनं जायचं होतं आणि गाडी मिळेना. मिस्त्री म्हणाले, चला. मी सरळ कॅरिअरकडे गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिथी नाई. दांड्यावर बसा."

एक वाढलेला, धोतर नेसलेला, सरकारी नोकरीतला मास्तर सायकलच्या पुढच्या दांड्यावर पोरासारखा बसून चामोर्शीतून निघाला, मागची मऊ गादी रिकामी. खाली इंजिन तापलेलं, पोटऱ्या भाजून निघत होत्या. माझे विद्यार्थी रस्त्याच्या कडेनं ओळीनं उभे राहून बघत होते. जंगल लागल्यावर मात्र मला बरं वाटू लागलं. त्या आवाजापुढे दुसरं काही सुचतच नव्हतं. नाला ओलांडून चढ आला, ढीग आला, गेला. मिस्त्रींनी मान डावीकडे वळवून खांद्यावरून मागे काहीतरी म्हटलं. मला वाटलं, मला म्हणाले. काय म्हणून ओरडून विचारलं तर म्हणाले, तुमाले नाई.

परत येताना उलट बाजूनं उतार होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण पट्टा जिथं सांधला होता तिथं दिवसभर दोघांचं वजन ओढून दोरा झिजला होता. ढिगाच्या अलीकडेच तो तुटला, तारांत गुंतला आणि मागचं चाक जाम झालं. सायकल घसरत गेली आणि ढिगाला लागून उभी राहिली. इंजिन बंद पडलं.

इतक्या आवाजानंतर ती शांतता कानात दुखली. दुपार कलली होती. पानं पडलेली, वारा नाही. मिस्त्री सायकलला धरून उभे होते. सायकल बांधल्यापासून पहिल्यांदा ते त्या ढिगाशी थांबले होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. ते शीळ यायची वाट बघत होते, हे मला कळत होतं.

बांबूच्या बेटामागून आवाज आला. फाट, फाट, फाट फाट फाट.

मी हडबडून सायकलीकडे पाहिलं. इंजिन गपच होतं. आवाज पुन्हा आला. आमचंच इंजिन. सुरुवातीला अडखळणारं, मग पेट घेणारं, शेवटी खोकून बंद पडणारं. सागाच्या फांदीवर मला तो दिसला, काळा, शेपटीच्या दोन तारा लोंबत. त्याचा गळा हलत होता. त्यानं इंजिन पूर्ण केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मिस्त्री खाली बसले. बराच वेळ आम्ही ऐकलं. एकदाही शीळ आली नाही. वर्षभर दर आठवड्याला मिस्त्रींनी तिथून ती फाटफाट नेली होती आणि पाखरानं जुनं टाकून नवं उचललं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, तुमाले येते ना. मले दात नाई. मारा एकदा."

ज्या माणसानं मला घरात शीळ घालू दिली नाही, त्यानं हात जोडून ती मागितली. मी शीळ घातली. लांबट, वर चढणारी. मुरकी आलीच नाही, मला ती येतच नव्हती. झाडावरून उत्तर आलं ते इंजिनाचं.

"पुसली म्या," मिस्त्री म्हणाले. "मीच पुसली."

ते उठले. वाटेच्या कडेचा एक दगड त्यांनी उचलला, पायजम्याला पुसला आणि ढिगावर ठेवला. नीट बसेना म्हणून तो फिरवून ठेवला. मग उभ्या उभ्या दोन्ही हात वर धरून भावासाठी दुआ मागितली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मलाही रडू आलं. त्या भावाला मी कधी पाहिलंही नव्हतं.

तुटलेला पट्टा काढला आणि सायकल ढकलत आम्ही उतार उतरू लागलो. पाखरू केव्हाच उडून गेलेलं. नाल्याशी पोचलो तेव्हा मागून शीळ आली.

झाडावरून नाही. खालून आली, गाडीच्या जुवाशी बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवरून. लांबट, वर चढत गेली आणि शेवटी मुरकी घेऊन खाली आली. मला न येणारी मुरकी, अगदी सफाईदार. पाखरू माझ्याकडून शिकलं म्हणावं, तर मी ती घातलीच नव्हती.

मिस्त्रींचे पाय जागच्या जागी थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मान डावीकडे किंचित फिरवली आणि खांद्यावरून हळूच म्हणाले, "चाल." मग आम्ही पुन्हा ढकलू लागलो. सपाट रस्त्यावरसुद्धा सायकल जड लागत होती. वाटेत घोटहून येणारी एक गाडी भेटली, सायकलीसकट आम्हाला वर घ्यायला तयार होती. मिस्त्रींनी मला तिच्यात बसवलं. स्वतः सायकल धरून गाडीमागून चालत आले.

घरी पोचलो तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. भाभी दारात उभी होती. आज इंजिनाचा आवाज आलाच नव्हता, तरी ती उभी होती. मिस्त्रींनी सायकल भिंतीला टेकवली. भाभीनं त्या दिवशी कॅरिअरकडे पाहिलं नाही, मिस्त्रींच्या तांबड्या मातीनं भरलेल्या हातांकडे पाहिलं.

"ठेवला?" तिनं विचारलं.

"ठेवला, भाभी."

पदर डोक्यावर ओढून ती म्हणाली, "शिटी आली का?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. "नाई," ते म्हणाले. "पाखरू आता इंजिनचाच आवाज काढून राह्यलं. शिटी गेली."

तिनं मान हलवली. मी त्या बाईला इतक्या दिवसांत कधी बसलेली पाहिली नव्हती, ती उंबऱ्यावर बसली. थकली होती ती, वाट बघून बघून थकली होती. थोड्या वेळानं उठली आणि म्हणाली, "मंग आता दार लावा, बाबू. धूळ येते घरात."

दार लागेना. मिस्त्रींनी तेलाची बुधली आणली, बिजागऱ्यांत तेल सोडलं, पेचकसानं गंज खरवडला. भाभीनं फळी धरून ठेवली होती. मी माझ्या खोलीत आलो. माझी खिडकी गल्लीकडे होती आणि सायकल तिच्या समोरच भिंतीला टेकवलेली होती. गोणपाटाची गादी रिकामी, मागचं चाक खालून चपटं.

दार कुरकुरत सरकलं. कडी बसली. आतून बांगड्यांचा आवाज आला, फोडल्याचा नाही, एकेक सरकवून काढल्याचा. मी ऐकत होतो आणि सायकलीकडे बघत होतो. तो आवाज थांबला तेव्हा गोणपाटाची गादी जराशी वर आली आणि माझ्या डोळ्यांदेखत मागचं चाक गोल झालं, कोणी उतरल्यावर होतं तसं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. कोणीही नव्हतं.